डोकं कुठं झाकू?

आमच्या दुकानात गिऱ्हाईक सहसा एकटं येत नाही. सोबत बहीण असते, नवरा असतो, आई असते, आणि बोलतं ते सोबतचंच माणूस. "हिच्यासाठी हवाय." जिच्यासाठी हवाय ती भिंतीवरच्या विगांकडे बघत नाही, आरशाकडे तर नाहीच. फरशीकडे बघत बसते. मी लगेच टेप काढत नाही. खालून चहा मागवते, कुठून आलात, ट्रेन कुठली मिळाली, असलं काहीबाही विचारते. चहा संपेपर्यंत ती एकदा तरी वर बघते. त्यानंतर माझं काम सुरू होतं.

मी विग बनवते. शिकले ते नाटकाच्या टोपांवर, गिरगावातल्या एका रंगभूषाकारांच्या हाताखाली. पेशवाईचं नाटक आलं की शेंडी-घेऱ्याचे टोप, पौराणिक असलं की खांद्यावर रुळणारे, तमाशाप्रधान असलं की अंबाडे आणि गंगावनं. 'तो मी नव्हेच'मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच प्रयोगात पाच माणसं उभी करायचे. त्या सोंगबदलांचे किस्से सांगत आमचे मास्तर आम्हाला हात चालवायला लावायचे. नाटकाचा टोप प्रयोग संपेपर्यंत टिकला आणि पंधराव्या रांगेतून खरा वाटला की झालं. आजारी माणसाचा विग हातभर अंतरावरून खरा वाटावा लागतो. ट्यूबलाइटखाली, लोकलच्या खिडकीतल्या वाऱ्यात, जावेच्या नजरेसमोर. त्यात घाम येतो, तो पुसायला विंगेत जाता येत नाही.

लग्न झाल्यावर मी परळच्या बाजूला राहायला आले. इथे 1941 पासून टाटा हॉस्पिटल आहे आणि त्याच्या आसपास सगळ्या महाराष्ट्रातून, देशातून आलेली माणसं महिनोन्‌महिने मुक्कामाला असतात. नाटकवाल्यांचं काम हळूहळू कमी झालं, हे काम वाढत गेलं.

सुरुवातीला मला वाटायचं, जिवावरचं दुखणं आलेल्या माणसाला केसांचं काय एवढं? हाच प्रश्न अजूनही बहुतेक नातेवाईक विचारतात, डॉक्टरही विचारतात. "केसच तर आहेत, परत येतील." म्हणणं खरंच आहे. केमोचं औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं आणि केसांची मुळं शरीरातल्या सगळ्यांत झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींपैकी असतात, म्हणून केस जातात. सगळ्याच केमोनं जात नाहीत, पण स्तनाच्या कर्करोगाला देतात त्या लाल औषधानं बहुधा जातातच. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, न्हाणीच्या जाळीवर पुंजके दिसायला लागतात. उपचार संपले की दोन-तीन महिन्यांत लव उगवते. पुढे महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर या गतीनं केस वाढतात, कधी कधी आधी सरळ असलेले कुरळे होऊन येतात. हे सगळं गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. तरी ती रडते.

का, ते मला एका शिक्षिकेनं सांगितलं. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई. एक स्तन काढला होता, केमो सुरू व्हायची होती. बहीण म्हणत होती, "एवढं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाही आणि आता केसांसाठी रात्रभर रडते." बाई शांतपणे म्हणाल्या, "छातीवर पदर असतो गं. डोकं कुठं झाकू?"

गावात त्यांनी मणक्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. रजा त्याच कारणानं टाकली होती. कोणाला खरं सांगायचं, कोणाला नाही, याची मनाशी यादी होती: मुख्याध्यापकांना हो, शेजारणीला नाही, मोठ्या मुलीला हो, धाकट्याला दहावी झाल्यावर. आता डोक्यावरून केस गेले की ती यादी फाटणार होती. एसटीतल्या परक्या माणसालाही कळणार, आणि ते कळलेलं तो आपल्या तोंडावर दाखवणार.

त्यानंतर मी येणाऱ्या प्रत्येकाकडे याच नजरेनं बघत आले आहे, आणि अजून तरी ते चुकीचं वाटलेलं नाही. दिसण्याचं दुःख असतंच, मी नाकारत नाही. पण खरा छळ हा की आजाराची बातमी सांगायची की दडवायची हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही.

त्या बाईंनी मागितलेला विगही तसाच होता. मी कॅटलॉग पुढे केलं, त्यांनी बाजूला सारलं. "असले चकचकीत नकोत. मला कानाजवळ पांढरे घाला. आणि भांग थोडा वाकडा असू दे, माझा तसाच आहे." मी त्यांच्या डोक्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची झिल्ली गुंडाळली, वरून चिकटपट्टीचे थर दिले, आणि मार्करनं कपाळावरची केसांची रेषा आखली. कडक झालेलं ते टोपरं काढलं की डोक्याचा साचा मिळतो. तो ठोकळ्यावर चढवायचा, त्यावर जाळी ताणायची, आणि आकड्याच्या सुईनं एकेक गाठ मारत जायचं. मागच्या बाजूला एका गाठीत तीन-चार केस चालतात. कपाळाजवळ एकच, फार तर दोन. तिथे घाई केली की विग ओळखू येतो. पूर्ण डोकं विणायला काही आठवडे जातात. बाईंच्या कानामागे पांढरे केस घालताना मी दर पाच-सहा काळ्यांमागे एक पांढरा घेत होते. त्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं, "डावीकडे जास्त आहेत." खरंच होतं. त्यांचा जुना फोटो पुन्हा काढून बघितला, डावीकडेच जास्त होते.

विग तयार होईस्तोवर केस गळायला लागले, आणि गळणारे केस बघत बसण्यापेक्षा काढून टाकलेले बरे, असं ठरलं. बहीण त्यांना मुक्कामाच्या ठिकाणाजवळच्या सलूनमध्ये घेऊन गेली. कारागिरानं वस्तरा हातात घेतला, बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघितलं आणि वस्तरा खाली ठेवला. "ताई, सवाशिणीच्या डोक्याला मी नाही लावणार. पाप लागेल." बहिणीनं भांडण काढलं, उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या दुकानातल्या मुलीनं मशिननं केस उतरवले.

त्या कारागिराचा मला राग आला नाही. त्याच्या मनात जे होतं तेच बाईंच्या सासूच्या मनात होतं, आणि थोडंफार बाईंच्याही. आपल्याकडे बाईच्या तासलेल्या डोक्याला केशवपनाची सावली आहे. आजच्या सत्तरी-ऐंशीतल्या बायकांनी लाल आलवणातली आजी किंवा आत्या डोळ्यांनी बघितलेली असते. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांनीच विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला होता. ते त्यांनी दयेपोटी केलं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी आमच्या शेजारच्या माणसानं भीतीपोटी वस्तरा खाली ठेवला. सासूबाई नंतर विग बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "माझा मुलगा धडधाकट असताना हिचं डोकं असं बघायचं म्हणजे..." वाक्य पुरं केलं नाही. सुनेच्या आजारापेक्षा त्यांना ते जास्त बोचत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

आणि गंमत बघा, मी जे केस विणते त्यातले कितीतरी तिरुपतीचे. तिरुमलावर कल्याणकट्ट्यात बायका नवस फेडायला डोकं उतरवतात, देवस्थान त्या केसांची लांबीप्रमाणे प्रतवारी करून लिलाव करतं, आणि व्यापाऱ्यांच्या हातून ते आमच्यापर्यंत येतात. ती बाई गोटा केलेल्या डोक्याला चंदन लावून गावी परतते तेव्हा लोक तिच्या पाया पडतात. डोकं तसंच, वस्तरा तसाच.

माझ्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या एक त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीण आहेत. त्यांनी मला एक फॉर्म दाखवला. कार्डिफचे फिनले आणि खान या दोघांनी 1994 मध्ये तो प्रसिद्ध केला. दहाच प्रश्न, सगळे गेल्या आठवड्याबद्दल. लाज वाटली का, खरेदीला जाताना अडचण आली का, कपडे निवडताना या त्रासाचा विचार करावा लागला का, खेळ, काम, जोडीदार. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. जास्त गुण म्हणजे जगणं जास्त बिघडलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोक्यावर किती जागा रिकामी आहे त्यावरून हा आकडा सांगता येत नाही. रुपयाएवढी चाई पडलेला माणूस कधी कधी पूर्ण टक्कल असलेल्यापेक्षा वर जातो." मला हे नवीन नव्हतं, फक्त त्याचा फॉर्म असतो हे नवीन होतं. मी आपली एकच गोष्ट विचारते: काय काय बंद केलंत?

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. खिडकीची सीट बंद. स्कूटरवर मागे बसणं बंद. पावसात मिरवणूक बंद. पंख्याखाली जेवायला बसणं बंद. नणंदेच्या मुलाला कडेवर घेणं बंद, कारण ते केस ओढतं. रात्री दिवा असताना नवऱ्यासमोर स्कार्फ काढणं बंद. हे शेवटचं बायका फार हळू सांगतात, आणि पुष्कळजणी सांगतात. केमोत भुवया गेलेली एक जण म्हणाली, टिकली लावणं बंद. लावायला गेलं तर मध्य कुठे तेच कळत नाही, दोन भुवयांच्या आधारानंच आपण टिकली लावत असतो.

पुरुषांचं बंद केलेलं वेगळं असतं. एका बँकेत नोकरी करणारा मुलगा आईबरोबर आला. वय तिशीच्या आत, कपाळ मागे सरकलेलं, टाळूवर विरळ झालेलं. कोणी मेलं नाही, कोणी आजारी नाही. हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट, आणि तीच अडचण. कॅन्सरच्या बाईला कोणी हसत नाही, याला ऑफिसात रोज कोणी ना कोणी 'एअरपोर्ट' म्हणतं आणि त्यानं स्वतःही हसायचं असतं. 2019 च्या नोव्हेंबरात 'उजडा चमन' आणि 'बाला' असे टकलावरचे दोन हिंदी सिनेमे पाठोपाठ आले. घरच्यांनी त्याला आग्रहानं दोन्ही दाखवले. "सगळे हसत होते, ताई," एवढंच तो म्हणाला. त्याआधी एका ठिकाणी हप्त्यांवर पॅकेज घेऊन झालं होतं, इंजेक्शनं झाली होती, डोकं दुखेस्तोवर तेलं चोळून झाली होती. दोन स्थळांकडून फोटो बघून होकार आणि भेटीनंतर नकार आला होता. त्याला पॅच बसवून हवा होता. मी माप घेत असताना त्यानं एकच प्रश्न विचारला: "लग्नाआधी मुलीला सांगावं लागेल का?"

आई म्हणाली, "गरज काय? लग्न झाल्यावर कळेलच." मी म्हटलं, "सांगा. पहिल्या भेटीत नको वाटलं तर दुसऱ्या भेटीत सांगा, पण सांगा." धंद्याच्या दृष्टीनं हे बोलू नये, आईचा चेहरा उतरला. पण पॅच लावून दडवत जगणाऱ्यांची घरं मी बघितली आहेत. बायकोच्या आधी उठून बाथरूम गाठणारा नवरा मी बघितला आहे. विगानं एक भीती जाते आणि तिच्या जागी दुसरी येते, हे मी प्रत्येकाला मापाच्या आधी सांगते. वारा, मिठी, हेल्मेट, मेटल डिटेक्टरपाशी टोपी काढायला सांगणारा रखवालदार. ज्याच्या आसपास दोन-तीन माणसांना तरी खरं माहीत आहे त्याला ही दुसरी भीती कमी छळते.

चाईचं दुखणं या सगळ्यांत मला सर्वांत वाईट वाटतं. इथे शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांना शत्रू समजते. शंभरांत दोघांना तरी आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, बहुतेकांची भरून येते, काहींचं मात्र सगळं डोकं, भुवया, पापण्या जातात. ताप नाही, वेदना नाही, म्हणून सहानुभूतीही नाही. उपाय सांगणारे मात्र गल्लीभर. कोणी लसूण घासायला सांगतो, कोणी गुंज उगाळून लावायला. घासून घासून टाळू सोललेली मुलं मी बघितली आहेत. आता मोठ्या दुखण्यावर औषधं आहेत. संधिवातासाठी वापरलं जाणारं बॅरिसिटिनिब 2022 मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मंजूर झालं. आपल्याकडेही डॉक्टर त्या जातीच्या गोळ्या देतात, पण त्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात आणि महाग पडतात.

सातवीतली एक मुलगी आली होती, सगळे केस गेलेली. शाळेचा नियम दोन वेण्या आणि लाल रिबिनी. शाळेनं स्कार्फला नाही म्हटलं नव्हतं, तिलाच तो नको होता. तिला नियमाप्रमाणे दोन वेण्या हव्या होत्या. मला पेच पडला. डोक्यावर थोडे तरी केस असले तर विगाच्या क्लिपा त्यांत अडकतात. हिच्या डोक्यावर काही नव्हतं, म्हणजे चिकटपट्टीवरच सारा भार, आणि वर्गात वेण्या ओढणाऱ्या मुली असतातच. मी वेण्या हलक्या ठेवल्या, जाळीच्या आत सिलिकॉनची पट्टी दिली. ती आरशात बघून मान हलवत राहिली, डावीकडे, उजवीकडे, जोरात. पडला नाही. मग विचारलं, "खो-खो खेळता येईल?" मी खरं सांगितलं, "बसायला येईल, पळायला नाही." तिनं खो-खो सोडला. आईनं फोनवर सांगितलं की शाळेत आता जाते, आधी जात नव्हती. मी खो-खोबद्दल विचारलं तर आई म्हणाली, "तेवढं चालतं हो." चालत असेल. मला ते चालल्यासारखं वाटलं नाही.

डिसेंबर 2024 च्या अखेरीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये माणसांचे केस अचानक जायला लागले, तेव्हा हे सगळं गावंच्या गावं भोगताना दिसली. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं रोज बातम्यांत. डोक्याला खाज, आणि तीन-चार दिवसांत केस हातात. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. आयसीएमआरची पथकं आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तोवर 'टक्कल व्हायरस' हे नाव पडून गेलं होतं. त्या भागातून मला एका मामांचा फोन आला. भाचीला बघायला पाहुणे येणार होते आणि गावाचं नाव ऐकूनच त्यांनी तारीख पुढे ढकलली होती. मुलीचे केस गेले होते का? अर्धेच. मामा म्हणाले, "गेले नसते तरी काय, गाव तर तेच ना." विग बनवायला लागतात तेवढ्या आठवड्यांत तिचे केस उगवायला लागतील असं मला वाटलं, म्हणून मी ऑर्डर घेतली नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तिथल्या पुष्कळांचे केस पुढे उगवलेही.

पैशांबद्दल बोलायलाच हवं. खऱ्या केसांचा हातविणीचा विग कित्येक घरांच्या महिन्याच्या कमाईहून महाग पडतो. सिंथेटिक स्वस्त असतो, पण तो घालून फोडणीसमोर उभं राहता येत नाही. गॅसच्या झळीनं पुढचे केस आकसतात, झाडूसारखे होतात. प्रेशर कुकरची वाफही त्याला नको. ज्या बाईला दोन वेळचा स्वयंपाक चुकलेला नाही तिला मी हे आधी सांगते. आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकाला विम्यातून विगाचा रुपया मिळालेला नाही. पाय गेला तर कृत्रिम पाय ही गरज, केस गेले तर विग ही हौस, असा तो हिशेब आहे, आणि तो मला मान्य नाही. ज्या शिक्षिकेनं विगामुळे वर्ग सोडला नाही, जी मुलगी शाळेत परत गेली, त्यांच्या बाबतीत हा उपचाराचाच भाग होता.

म्हणून वाचणाऱ्यांना कामाचं तेवढं सांगते. घरात कोणाला केमो सांगितली असेल तर केस असतानाच त्यांना विग करणाऱ्याकडे घेऊन जा. रंग, दाटपणा, भांग जुळवायला मूळ केस समोर लागतात. लग्नातला फोटो आणू नका, बाजारात जातानाचा आणा. विग भेट म्हणून परस्पर घेऊन जाऊ नका. ज्याला घालायचा त्याला आधी विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको. विग नको असलेल्यांना मी सुती ओढणी बांधायच्या चार-पाच पद्धती शिकवते. त्याचे पैसे घेत नाही.